डोक्यात एकच घाव, त्यातच मृत्यू, तरीही न्यायालय ‘खून नाही’ असे कसे म्हणते?

शरयू (प्रश्न)

माझ्या आतेभावाचा २०२१ साली शेजारच्या माणसाशी झालेल्या भांडणात मृत्यू झाला. गाडी लावण्याच्या जागेवरून सुरू झालेला वाद हातघाईवर आला, आरोपीने लोखंडी पहारीचा एक घाव डोक्यात घातला आणि आठवडाभर बेशुद्धावस्थेत राहून भावाने रुग्णालयात प्राण सोडला. पोलिसांनी आधी खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला होता. मृत्यूनंतर त्यात भारतीय दंड संहितेचे कलम ३०२ लावले. आता सत्र न्यायालयाचा निकाल लागला आहे. घाव आरोपीनेच घातला आणि त्यानेच मृत्यू झाला, हे दोन्ही मुद्दे न्यायालयाने सिद्ध धरले आहेत. तरीही आरोपीला खुनाबद्दल दोषी न धरता ‘खून या सदरात न मोडणाऱ्या सदोष मनुष्यवधा’बद्दल, म्हणजे कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली, सात वर्षांची शिक्षा दिली आहे.

माझी आत्या मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, आणि मला तिला उत्तर देता येत नाही. ज्याने डोक्यात पहार घातली त्याला माणूस मरेल हे ठाऊक नव्हते, असे न्यायालयाला म्हणायचे आहे का? आणि ठाऊक होते असे म्हणायचे असेल, तर मग तो खून का नाही? मला कुणावर राग काढायचा नाही, पण हा फरक नेमका कशावर ठरतो आणि आमच्या हातात आता काय उरले आहे, हे जाणकारांनी समजावून सांगितले तर उपकार होतील. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही, त्यामुळे कृपया जरा सविस्तर लिहावे.

फौजदारी_वकील

शरयूताई, आपल्या आत्यांचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेही अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून त्यांच्याच शब्दांतून सुरुवात करतो. आरोपीला ठाऊक नव्हते असे न्यायालयाने म्हटलेले नाही. कलम ३०४ चा दुसरा भाग लावला याचा अर्थच असा, की या कृत्याने मृत्यू येण्याचा संभव आहे याची जाणीव आरोपीला होती असे न्यायालयाने मान्य केले. पण मृत्यू घडवण्याचा किंवा मृत्यू येण्याचा संभव असलेली दुखापत करण्याचा त्याचा उद्देश होता, हे सिद्ध झाल्याचे मानले नाही. जाणीव आणि उद्देश या दोन मनोवस्थांना आपला कायदा वेगवेगळे तोलतो. मृत्यू एकच असतो, मरणाऱ्याच्या घरावर कोसळणारे दुःख एकच असते. कायदा मात्र त्या क्षणी मारणाऱ्याच्या मनात काय होते याचा शोध घेतो आणि शिक्षेची पायरी त्यावरून ठरवतो.

दंड संहितेची रचना अशी आहे. कलम २९९ मध्ये सदोष मनुष्यवधाची व्याख्या आहे आणि ती व्यापक आहे. कलम ३०० त्यातला सर्वांत गंभीर भाग वेगळा काढून त्याला खून म्हणते. म्हणजे प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध हा खून नसतो. १९७६ साली रायवरपू पुन्नय्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच्या तीन पायऱ्या मांडल्या. सर्वांत वर खून. त्याखाली कलम ३०४ चा पहिला भाग, ज्यात उद्देश असतो आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. आणि सर्वांत खाली त्याच कलमाचा दुसरा भाग, ज्यात केवळ जाणीव असते आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही रचना कलम १००, १०१, १०३ आणि १०५ मध्ये जवळपास तशीच आली आहे. एक बदल लक्षात घेण्याजोगा आहे: पूर्वीच्या पहिल्या भागात जन्मठेप नसेल तर किती वर्षे द्यावीत याला खालची मर्यादा नव्हती, आता ती किमान पाच वर्षे आहे. आपल्या प्रकरणातली घटना २०२१ ची असल्यामुळे शिक्षेपुरती जुनी दंड संहिताच लागू राहते.

या भेदाचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गोविंदा नावाच्या आरोपीचा खटला आला होता. अठरा वर्षांच्या या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला खाली पाडले, तिच्या छातीवर गुडघा ठेवला आणि बंद मुठीने तिच्या तोंडावर दोन-तीन जोरदार ठोसे लगावले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मरण पावली. न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी दोन्ही कलमे समोरासमोर ठेवून वाचली आणि म्हटले, की मृत्यू घडवण्याचा उद्देश येथे दिसत नाही आणि झालेली दुखापत निसर्गाच्या सामान्य क्रमात मृत्यू घडवण्यास पुरेशी होती असेही म्हणता येत नाही; म्हणून हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध आहे. त्या मुलीचे वय वाचून आजही जीव गलबलतो, पण मृत्यूचा केवळ संभव आणि मृत्यूची जवळजवळ खात्री यांतले अंतर मोजण्याची जी रीत त्या निकालाने घालून दिली, ती आजतागायत वापरली जाते.

आता एका घावाबद्दल. एकच घाव होता म्हणून खून नाही, असा नियम नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की काही वेळा खटल्यातल्या युक्तिवादातही तो ऐकू येतो. १९५८ च्या विरसासिंग प्रकरणात भाल्याचा एकच वार पोटात झाला होता, आतडी बाहेर आली होती, आणि जखमी दुसऱ्या दिवशी मरण पावला. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तो खूनच ठरवला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आरोपीला मृत्यूच घडवायचा होता हे सिद्ध करण्याची गरज नाही. दुखापत कोणती होती, ती आरोपीने ठरवून केली की ती अपघाताने झाली किंवा त्याला दुसरेच काही करायचे होते, एवढे आधी पाहावे. आणि ती ठरवून केली असेल, तर ती निसर्गाच्या सामान्य क्रमात मृत्यू घडवण्यास पुरेशी होती का, हा प्रश्न आरोपीच्या मनाचा न राहता वैद्यकीय पुराव्याचा होतो.

त्यामुळे आपल्या निकालपत्रात न्यायालय नेमके कोठे थांबले हे पाहिल्याशिवाय पुढे बोलणे कठीण आहे. दुखापत ‘पुरेशी’ नव्हती असे म्हटले आहे, की ती पुरेशी होती पण अचानक उद्भवलेल्या भांडणाचा, म्हणजे खुनाला सदोष मनुष्यवधावर आणणारा, कलम ३०० मधला अपवाद लागू केला आहे?

निवृत्त_तपासी_अंमलदार

वकीलसाहेबांनी कायदा नीट मांडला आहे. मी तपासाच्या बाजूने थोडे लिहितो, कारण आरोपीचे मन कुणालाच उघडून पाहता येत नाही आणि न्यायालय ते बाहेरच्या खुणांवरूनच वाचते.

अशा गुन्ह्यात आम्ही पहिल्यांदा पाहतो ते हत्यार कोठून आले. भांडणाच्या जागी पडलेला दगड किंवा काठी उचलून मारणे वेगळे आणि कमरेला सुरा लावून येणे वेगळे. त्यानंतर घाव कोणत्या अवयवावर आहे, किती जोराने आहे, समोरचा खाली पडल्यावरही मारणे चालू राहिले का, मारताना तोंडातून काय शब्द निघाले, आधीचे वैर होते का, मारून झाल्यावर आरोपी पळाला की त्यानेच जखमीला उचलून दवाखान्यात नेले, हे सगळे साक्षीदारांच्या जबाबात आले पाहिजे. ते आले नाही तर पुढे सरकारी वकील कितीही तयारीचे असले तरी हात बांधलेले राहतात. खुनाचे कलम लावले म्हणजे खून सिद्ध झाला, असे मानणाऱ्या तपासामुळे अनेक खटले तिथेच ढिले पडतात, हे मी तळमळीने सांगतो.

दुसरी गोष्ट वैद्यकीय. शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूचे कारण असते, पण ही दुखापत निसर्गाच्या सामान्य क्रमात मृत्यू घडवण्यास पुरेशी होती का, हा प्रश्न डॉक्टरांना स्वतंत्रपणे विचारावा लागतो. जप्त केलेले हत्यार मोहोरबंद अवस्थेत त्यांच्यापुढे ठेवून ही जखम या हत्याराने होऊ शकते का, असा लेखी अभिप्रायही घ्यावा लागतो. पहार म्हटली तरी ती किती लांबीची, किती वजनाची, तिचे टोक लागले की मधला भाग लागला, यावर कवटीला पडलेल्या तड्याचा अर्थ बदलतो. जप्ती पंचनाम्यात वजन आणि लांबी लिहिलेली नसेल, तर बचाव पक्ष ती पहार सळईइतकी हलकी होती असेही सुचवू शकतो.

शरयूताई, मला आपल्याकडून एकच माहिती हवी आहे. पहार तिथे पडलेली होती की आणलेली?

शरयू

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. निकालपत्राची प्रत आमच्याकडे आहे, ती पुन्हा वाचून लिहिते आहे.

पहार तिथे नव्हती. दोन्ही प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांनी सांगितले आहे, की शिवीगाळ आणि ढकलाढकली झाल्यावर लोकांनी दोघांना वेगळे केले. आरोपी आपल्या घरात गेला, थोड्याच वेळात पहार घेऊन बाहेर आला आणि भाऊ गाडीचे दार उघडत असताना त्याने मागच्या बाजूने डोक्यात मारले. न्यायालयाने म्हटले आहे, की हा सर्व प्रकार एकाच अखंड भांडणाचा भाग होता, पूर्ववैमनस्य नव्हते, घाव एकच होता आणि आरोपीने दुसरा घाव घातला नाही. म्हणून उद्देश सिद्ध होत नाही. डॉक्टरांनी दुखापत मृत्यू घडवण्यास पुरेशी होती असे साक्षीत सांगितले आहे. मात्र उलटतपासणीत त्यांनी शस्त्रक्रिया लवकर झाली असती तर जीव वाचण्याची शक्यता होती, असेही मान्य केले. बचाव पक्षाने त्यावर फार भर दिला होता.

विधी_विद्यार्थिनी

शेवटच्या मुद्द्याबद्दल मला लिहावेसे वाटते, कारण तो आम्हाला अलीकडेच शिकवला गेला. कलम २९९ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात स्पष्ट लिहिले आहे, की शारीरिक दुखापतीमुळे मृत्यू झाला असेल तर योग्य उपचार आणि कुशल शुश्रूषा मिळाली असती तर तो टळला असता, एवढ्यावरून दुखापत करणाऱ्याने मृत्यू घडवला नाही असे म्हणता येत नाही. त्यामुळे उशिरा झालेल्या शस्त्रक्रियेचा आधार आरोपीला मृत्यूच्या कारणाच्या प्रश्नावर मिळू नये. दुखापत ‘पुरेशी’ होती का हे ठरवताना मात्र काही न्यायालये त्याचा अप्रत्यक्ष विचार करताना दिसतात.

आणखी एक तुलना सांगते, कारण तिच्यामुळे मला स्वतःला आपला कायदा अधिक स्पष्ट झाला. इंग्लंडमध्ये खुनाखालच्या मनुष्यवधाचा गुन्हा फार पसरट आहे. तेथे एखाद्याने बेकायदेशीर आणि धोकादायक कृत्य केले, समजा एक ठोसा मारला, आणि समोरचा पडून डोके आपटून मेला, तर मारणाऱ्याला मृत्यूची कल्पनाही नसली तरी तो मनुष्यवधाचा दोषी ठरू शकतो. त्या कृत्याने थोडीफार इजा होईल हे कोणत्याही समंजस माणसाला दिसत असले की पुरे. आपल्याकडे तसे नाही. मृत्यूच्या संदर्भातला उद्देश किंवा जाणीव यांपैकी काहीच नसेल, तर मृत्यू होऊनही आरोपी केवळ दुखापतीच्या किंवा गंभीर दुखापतीच्या गुन्ह्याला पात्र ठरतो.

मद्रास उच्च न्यायालयाच्या १९१९ च्या पलानी गौंडन प्रकरणात हे टोकाला गेलेले दिसते. नवऱ्याने नांगराच्या फाळाने बायकोच्या डोक्यात मारले, ती मेली असे समजून आत्महत्या भासवण्यासाठी तिला टांगले, आणि ती प्रत्यक्षात मेली ती त्या फासाने. टांगताना त्याच्या लेखी ती मृतदेह होती, म्हणून त्या कृत्यामागे मृत्यू घडवण्याचा उद्देश किंवा जाणीव धरता येत नाही, असे पूर्णपीठाने म्हटले आणि त्याला गंभीर दुखापतीबद्दल दोषी धरले. मनोवस्थेला इतके महत्त्व देणारी आपली संहिता काही प्रसंगी इंग्लंडच्या कायद्यापेक्षा आरोपीला अधिक सावरून घेते, हे मला आधी ठाऊक नव्हते आणि ते पटवून घ्यायला मला अजूनही जड जाते.

वाटसरू

थोडा बाजूचा पण याच विषयातला प्रश्न विचारतो. दारू पिऊन गाडीखाली माणसे चिरडणाऱ्यावर कधी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाल्याची बातमी येते, तर कधी केवळ निष्काळजीपणाचा. इमारत कोसळल्यावरही तसेच होते. हे पोलिसांच्या मर्जीवर असते का?

फौजदारी_वकील

वाटसरू, मर्जीवर नसावे, पण पुराव्याच्या वाचनावर नक्कीच असते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे कलम ३०४ अ मूळ १८६० च्या संहितेत नव्हते, ते १८७० मध्ये घातले गेले आणि त्याची कमाल शिक्षा दोन वर्षे होती. न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षांपर्यंत नेली आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून उपचारादरम्यान असे घडले तर दोन वर्षांपर्यंत. अपघात करून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात आहे, पण २०२४ च्या सुरुवातीस मालवाहतूक चालकांनी आंदोलन केल्यावर संहिता लागू करताना ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले.

सीमारेषा अशी आहे, की धोका ओळखायला हवा होता पण ओळखला नाही, तर निष्काळजीपणा. मृत्यूचा संभव दिसत असतानाही तसेच पुढे गेला, तर जाणीव. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने ती बदलून कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली तीन वर्षे केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. मद्यपान केलेला, बेदरकार वेगाने जाणारा आणि पदपथावर माणसे झोपलेली असतात हे ठाऊक असलेला चालक मृत्यूच्या संभवाबद्दल अजाण होता असे म्हणता येत नाही, हा त्यामागचा विचार.

उलट दिशेचे उदाहरण भोपाळचे आहे, आणि ते लिहिताना मला आजही संताप येतो. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीत हजारो माणसे मेली. कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांवर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला होता, पण सप्टेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्काळजीपणावर आणला, कारण कारखाना सदोष अवस्थेत चालवताना मृत्यूची जाणीव होती हे दाखवणारा प्रथमदर्शनी पुरावा नाही असे न्यायालयाला वाटले. परिणामी २०१० मध्ये दोषी ठरलेल्यांना मिळाली ती दोन वर्षांची शिक्षा, कारण त्या कलमात त्याहून अधिक देताच येत नव्हती. इंग्लंडने कंपनीच्या हातून घडणाऱ्या मनुष्यवधासाठी २००७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे तसा कायदा अजून नाही, आणि तो असायला हवा असे माझे स्पष्ट मत आहे.

शरयूताई, आता आपल्या प्रकरणाकडे वळतो. आपण दिलेल्या माहितीने चित्र बरेच बदलले आहे.

न्यायालयाने ‘एकच अखंड भांडण’ म्हटले, म्हणजे त्यांच्या मनात कलम ३०० चा चौथा अपवाद असणार. त्या अपवादासाठी पूर्वनियोजन नसावे, अचानक उद्भवलेल्या भांडणाच्या ओघात रागाच्या भरात झटापट झालेली असावी आणि आरोपीने गैरफायदा घेतलेला नसावा किंवा तो क्रूर वा असाधारण रीतीने वागलेला नसावा, हे सगळे एकाच वेळी लागते. सुरुवात कुणी केली हे त्यात महत्त्वाचे नसते. येथे लोकांनी दोघांना वेगळे केले होते, आरोपी घरात जाऊन हत्यार घेऊन आला, आणि पाठमोऱ्या, निःशस्त्र माणसाच्या डोक्यात त्याने लोखंडी पहार मारली. झटापट तेव्हा चालू होती का आणि हा गैरफायदा नव्हता का, हे दोन प्रश्न वरच्या न्यायालयापुढे ठामपणे मांडता येतील. पत्नीच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या, म्हणजे नानावटी खटल्यातला अपवाद वेगळा होता, गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचा. पण तेथेही सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हेच पाहिले, की पत्नीची कबुली ऐकल्यावर आरोपीने कुटुंबाला चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन खोट्या कारणाने पिस्तूल मिळवले आणि मधल्या सुमारे तीन तासांत मन ताब्यात आणण्याइतका अवधी त्याला मिळाला होता. आपल्याकडे अवधी काही मिनिटांचाच आहे. एवढ्या अल्प अवधीत हत्यार आणले तरी अपवाद लागू राहतो असे मानणारे निकालही आहेत, त्यामुळे यशाची खात्री मी देणार नाही. मात्र हा प्रश्न वादाचा आहे एवढे निश्चित.

दुसरा मुद्दा याहून भक्कम वाटतो. अपवाद लागू होतो असे घटकाभर मानले, तरी त्याने उद्देश पुसला जात नाही. अपवादात बसणारे कृत्य उद्देशाने केलेले असेल तर कलम ३०४ चा पहिला भाग लागतो. न्यायालयाने दुसरा भाग लावला तो उद्देशच सिद्ध नाही असे म्हणून. डोक्यावर मागून नेम धरून घातलेला घाव हा डोक्यालाच इजा करण्यासाठी होता, तो चुकून लागला असे कुणीच म्हणत नाही आणि डॉक्टरांनी दुखापत पुरेशी होती असे सांगितले आहे. विरसासिंग प्रकरणाच्या कसोटीवर हा निष्कर्ष टिकणे अवघड आहे. दुसरा घाव घातला नाही, हे कारण त्यापुढे तोकडे पडते.

शरयू

हे वाचून पहिल्यांदाच निकालातली वाक्ये मला कळू लागली आहेत. मग आम्ही स्वतः अपील करू शकतो का? आम्हाला सांगितले गेले, की अपील फक्त सरकार करते आणि सरकारची इच्छा नसेल तर विषय संपला.

निवृत्त_तपासी_अंमलदार

कोणी सांगितले असेल ते असो, पण विषय संपलेला नाही. २००९ च्या अखेरीस फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ ला परंतुक (मूळ नियमाला अपवाद करणारी पुरवणी) जोडले गेले आणि पीडित व्यक्तीला स्वतः अपिलाचा अधिकार मिळाला. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये तो कायम आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या अर्ध्या काळात असे काही नव्हते. मृताचे नातेवाईक न्यायालयाच्या आवारात नुसते उभे असत आणि निकाल लागला की आम्हालाच विचारत, आता पुढे काय. त्यांना सांगण्यासारखे माझ्याकडे काही नसे. कायद्यातला हा बदल मला फार मोठा वाटतो.

फौजदारी_वकील

त्याला थोडी जोड देतो. हे अपील तीन कारणांवर करता येते: आरोपी निर्दोष सुटला, किंवा कमी गंभीर गुन्ह्याबद्दल दोषी ठरला, किंवा नुकसानभरपाई अपुरी मिळाली. आपले प्रकरण दुसऱ्या कारणात बसते. केवळ शिक्षेची वर्षे कमी वाटतात म्हणून पीडिताला अपील करता येत नाही, ती वाढवून मागण्याचे अपील शासनच करू शकते. म्हणून आपल्या अपिलाचा सारा रोख गुन्ह्याच्या स्वरूपावर असला पाहिजे, वर्षांच्या आकड्यावर नव्हे. मुख्य मागणी कलम ३०२ खाली दोषसिद्धीची, आणि पर्यायी मागणी कलम ३०४ च्या पहिल्या भागाची, अशी मांडणी करावी. मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की पीडिताला अशा अपिलासाठी उच्च न्यायालयाची आधी परवानगी घ्यावी लागत नाही. ‘पीडित’ या व्याख्येत कायदेशीर वारस येतात, म्हणून अपील भावाच्या पत्नीच्या, मुलांच्या किंवा आत्यांच्या नावाने करणे योग्य होईल. आपण स्वतः मामेबहीण म्हणून केले तर त्यावरच हरकत येऊ शकते.

आरोपीही आपल्या दोषसिद्धीविरुद्ध अपिलात जाईल असे गृहीत धरा आणि दोन्ही अपिले एकत्र ऐकली जावीत अशी विनंती वकिलांमार्फत करा. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी आजच अर्ज करावा. तिच्याबरोबर दोन्ही प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी, डॉक्टरांची साक्ष उलटतपासणीसह, जप्ती पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्याही प्रती घ्याव्यात. साक्षीदारांच्या तोंडी ‘घरात गेला आणि पहार घेऊन आला’ हे वाक्य नेमक्या कोणत्या शब्दांत आले आहे आणि उलटतपासणीत ते कितपत टिकले, हे मला आधी वाचावे लागेल. साक्षी हाती आल्या की नावे आणि खटल्याचा क्रमांक झाकून तेवढा भाग येथे टाका, मी पाहून लिहितो.

शरयू

उद्याच अर्ज देते. आत्याच्या नावाने देता येईल ना, की वकीलपत्र आधी लागेल?

फौजदारी_वकील

प्रतीसाठी वकीलपत्राची गरज नाही. आत्यांच्या सहीचा अर्ज, त्यात खटल्याचा क्रमांक आणि निकालाची तारीख, आणि मृताशी असलेले नाते, एवढे पुरेल. अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा. प्रत मिळायला किती दिवस लागले हे पुढे मुदतीच्या प्रश्नावर दाखवावे लागते.